ट्रेझर नावाचा स्टार पियानो: दुरुस्तीच्या आणि कारखान्याच्या शोधाच्या नोंदी

१४ सप्टेंबर

पियानो फुकट मिळाला, घरी आणायला ३२५ डॉलर पडले. ओहायो-इंडियानात शंभरी ओलांडलेल्या उभ्या पियानोचा सध्या हाच भाव आहे. हा एका चर्चच्या तळघरात पडून होता, वर नुसती 'घेऊन जा' अशी चिठ्ठी. मित्र जमवून, ट्रक भाड्याने आणून स्वतःच हलवायचा मोह होतो, पण तो आवरा. असलं धूड अडीचशे ते साडेतीनशे किलोंचं असतं, त्यातली बिडाची चौकट पाठीकडे असते, त्यामुळे सगळा भार मागे. जिन्यात एकदा कलला की आवरत नाही. पियानो हलवणारेच बोलवा.

गॅरेजमध्ये ठेवायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. इकडे उन्हाळ्यात दमट हवा आणि हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा, या खेचाखेचीत लाकूड हलतं. खालच्या मजल्यावरच्या खोलीत, बाहेरची भिंत आणि हीटरची जाळी दोन्ही टाळून जागा केली.

पट्ट्यांवरच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत नाव आहे 'ट्रेझर'. वरचं झाकण उघडलं तर बिडाच्या चौकटीत ओतलेली अक्षरं सांगतात: स्टार पियानो कंपनी, रिचमंड, इंडियाना. असा पियानो हाती आला तर समोरच्या नावावर जाऊ नका. एकच कारखाना चार-चार नावं लावून माल विकायचा, आणि दुकानदारही आपलं नाव छापून घ्यायचे. बिडात ओतलेलं नाव मात्र सहसा बदललेलं नसतं.

काम दुहेरी आहे. पियानो वाजता करून आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात ठेवायचा, आणि शेजारी कारखान्याचा इतिहास सांगणारा एक फलक लावायचा. दोन्हींच्या नोंदी इथेच ठेवतो आहे, कारण मला शोधताना दोन्ही एकत्र कुठे सापडल्या नाहीत.

१५ सप्टेंबर

स्क्रूला हात लावण्याआधी तपासणी. सूर सगळीकडे उतरलेला, मध्य सप्तकात साधारण १३० सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की एक सेंट), म्हणजे एका अर्ध्या सुरापेक्षाही जास्त. चार तारा गायब: दोन तीव्र सुरांच्या, दोन खर्जाच्या. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या मागच्या फळीला, दोन उभ्या भेगा. भेग दिसली की लोक पियानो मोडीत काढतात, तशी गरज नसते. मागच्या आडव्या पट्ट्या स्प्रूसच्या फळीला घट्ट चिकटलेल्या आहेत का ते पाहायचं: पातळ कार्ड सरकवून बघितलं, कुठे शिरलं नाही. मग भेग नुसती दिसायला वाईट आहे. खर्जाच्या घोडीला (तारा टेकतात त्या लाकडाला) खिळ्यांच्या रांगेत केसासारख्या चिरा आहेत, पण खिळे हलत नाहीत.

खरी चिंता खुंट्यांची. या खुंट्या मेपलच्या थरांच्या जाड ठोकळ्यात नुसत्या घर्षणावर उभ्या असतात. मधल्या भागातल्या पंधरा-वीस खुंट्या किल्ली लावताच लोण्यातून फिरावं तशा फिरल्या. तारेचा ताण त्या धरणार नाहीत.

पैशांच्या हिशोबाने हे काम तोट्याचं आहे, हे आधीच लिहून ठेवतो. व्यावसायिकाकडून पुरता नवा करून घेतला तर हजारोंमध्ये जाईल आणि विकायला काढला तर पुन्हा तीच 'घेऊन जा' चिठ्ठी लावावी लागेल.

२१ सप्टेंबर

अनुक्रमांक चौकटीच्या वरच्या भागात, खुंट्यांच्या जवळ सापडला. धूळ आणि काजळी इतकी की ओल्या कापडाने हळूहळू पुसत आकडे वाचावे लागले. पियानोंच्या क्रमांकांची जी जाडजूड सूची तंत्रज्ञ वापरतात, तिच्यावरून हा १९१० ते १९१५ च्या दरम्यानचा. नेमकं साल त्यातून कधी निघत नाही. कारखान्यात क्रमांक पडणं आणि दुकानातून माल जाणं यात महिनोन्‌महिने जायचे.

नावाचा उलगडा मात्र झाला. अल्सासहून आलेल्या जॉर्ज ट्रेझरने रिचर्ड जॅक्सन आणि जेम्स स्टार यांच्याबरोबर १८७२ मध्ये रिचमंडला कारखाना काढला. १८७८ मध्ये ट्रेझर बाजूला झाला, माइलो चेस आला आणि पाटी बदलून चेस पियानो कंपनी झाली. १८८४ मध्ये जेम्स आणि बेंजामिन या स्टार बंधूंनी कारभार हातात घेतला. १८९३ मध्ये हेन्री जेनेट आणि त्याचे सासरे जॉन लम्सडेन आत आले. ही मंडळी दक्षिणेत पियानो विकण्याच्या धंद्यात मुरलेली. स्टार पियानो कंपनी या नावाने नोंदणी झाली ती तेव्हा.

म्हणजे माझ्या पियानोवर ज्याचं नाव आहे तो माणूस हा पियानो बनण्याच्या तीसेक वर्षं आधीच धंद्यातून निघून गेला होता. नंतर कंपनीने स्टार, रिचमंड, ट्रेझर आणि रेमिंग्टन अशी नावं वेगवेगळ्या खिशांसाठी वापरली. संस्थापकाचं नाव असं स्वस्त मालावर लागलं.

२८ सप्टेंबर

पट्ट्या काढल्या. काढण्याआधी प्रत्येकीवरचा आकडा पाहा. इथे लाकडावर १ ते ८८ असे ठसे आहेत. नसतील तर स्वतः पेन्सिलीने घाला, नाहीतर परत बसवताना वेळ वाया गेलाच समजा. पट्ट्या एकाच पियानोच्या असल्या तरी एकसारख्या नसतात. कडेच्या पट्ट्यांचे दांडे तिरके असतात आणि छिद्रं आपापल्या खिळ्याच्या मापाची.

खाली काय होतं: उंदराचं घरटं, एका स्तोत्रपुस्तकाचं फाटकं पान, शिसपेन्सिली, केसांच्या पिना, आणि १९४४ चं एक सेंट. उंदराच्या लघवीने पट्ट्यांत वजनासाठी बसवलेलं शिसं फुगतं आणि पोलादी खिळ्यांना गंज चढतो. तोंडावर मास्क, हातात मोजे, आणि व्हॅक्युमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, म्हणजे फेल्टच्या चकत्या ओढल्या जाणार नाहीत. घरट्याच्या आजूबाजूचे बारा खिळे बारीक पोलादी लोकरीने घासले.

पहिल्या पट्टीच्या कुशीला, जिथे कुणी कधी पाहणार नाही तिथे, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. भिंग लावून पाहिलं: एक अपूर्णांक, त्याखाली बाणासारखी खूण, आणि दोन आद्याक्षरं. शाईची नव्हे, सुताराच्या चपट्या पेन्सिलीची रेघ, सुरुवातीला जाड आणि ओढत नेताना बारीक झालेली. अक्षरांचा कल डावीकडे आहे. त्यावर सॅंडपेपर चालवायचा नाही असं ठरवून तेवढा भाग चिकटपट्टीने झाकला.

५ ऑक्टोबर

ॲक्शन बाहेर काढली, म्हणजे पट्टी दाबली की हातोडी तारेवर फेकणारी सगळी यंत्रणा. प्रत्येक हातोडीला सुती कापडाची एक बारीक फीत असते, तिला इंग्रजीत ब्राइडल स्ट्रॅप म्हणतात. शंभर वर्षांत तिचं भस्म होतं. हात लावला की तुटते. फिती नसताना ॲक्शन उचलली तर खालचे भाग लोंबकळतात आणि परत बसवताना कुठेतरी अडकून मोडतात. म्हणून कितीही घाई असली तरी पहिलं काम फितींचं.

टोकाला बूच असलेल्या फिती मागवल्या, ४२ डॉलरचा संच. त्या बसवायला हातोडीच्या आडव्या लाकडी गुल्लीला छिद्र असावं लागतं. या पियानोत ते नाही, मूळ फिती सरसाने चिकटवलेल्या होत्या. एकेक छिद्र पाडायचं म्हणजे ८८ ठिकाणी गुल्ली फुटण्याचा धोका. संच परत केला, टपालखर्च ९ डॉलर अंगावर. स्प्रिंगच्या चिमट्याच्या फिती मागवल्या आणि त्या नीट बसल्या. मागवण्याआधी गुल्ली पाहा, छिद्र आहे का ते बघा, दांड्याची जाडी मोजा. हे कुठल्याही विक्रेत्याच्या पानावर ठळक लिहिलेलं नसतं.

चिमटे बसल्यावर तारेचे हूक वाकवून सगळ्या फिती एका ताणात आणाव्या लागतात. डावं पेडल अर्धं दाबलं की सगळ्या एकदम ताठ व्हायला हव्यात. एखादी आधी ताठ झाली तर ती हातोडी जड वाटते.

१२ ऑक्टोबर

रिचमंडला जाऊन आलो. डेटनहून पश्चिमेला, ओहायोची हद्द ओलांडली की लगेच. एके काळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. अर्लहॅम कॉलेज त्यांचंच, १८४७ चं. कारखाना गावात नव्हता, गावाखाली व्हाइटवॉटर नदीच्या खोल घळीत होता. सुरुवातीला नदीचं पाणी शक्तीला, मग रेल्वेची रूळजोडणी लाकूड आणायला आणि पियानो न्यायला. लोक त्या घळीला स्टार व्हॅली म्हणत.

आज खाली उतरलं की समोर येते ती एका लांब विटांच्या इमारतीची सांगाड्यासारखी राहिलेली रचना, वर छप्पर घालून सभामंडप केलेली. भिंतीवर जेनेट रेकॉर्ड्सचं, म्हणजे स्टारच्याच रेकॉर्ड-लेबलचं, बोधचिन्ह रंगवलेलं. एक धुराडं. बाकी गवत, पायवाट आणि झाडं. १९७० च्या दशकात उरलेल्या बहुतेक इमारती पाडल्या. पायवाटेवर रेकॉर्डच्या आकाराच्या चकत्या बसवल्यात, त्यांत इथे गाऊन-वाजवून गेलेल्यांची मोझेकमधली चित्रं. लुई आर्मस्ट्राँग, जेली रोल मॉर्टन, बिक्स बायडरबेक, होगी कारमायकेल, सगळी जॅझमधली मोठी नावं. लोक तिथे फोटो काढतात. पियानो जोडणाऱ्या कामगारांच्या नावाची चकती मला दिसली नाही.

मी तिथे बसून वहीत गणित मांडलं. भरभराटीच्या काळात, १९१५ च्या सुमारास, इथे साडेसातशेच्या आसपास माणसं काम करत आणि वर्षाला सुमारे १५,००० पियानो निघत. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोज ५०. एका पियानोत २२० च्या आसपास तारा. म्हणजे रोज ११,००० तारा कुणीतरी हाताने खुंटीला तीन वेढे देऊन चढवत होतं. ४,४०० पट्ट्या, तेवढ्याच हातोड्या. आणि त्या सगळ्या तारा बसल्या की ताणून आधी ढोबळ सूर, पुन्हा, पुन्हा. मागच्या आठवड्यात मी ८८ फिती लावायला शनिवार-रविवार घालवला, त्यानंतर हे आकडे कागदावरचे राहत नाहीत.

हा काही रिचमंडपुरता चमत्कार नव्हता. १९०९ मध्ये अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले, तो उच्चांक. ते सगळे न्यूयॉर्क-शिकागोत बनत नव्हते. मिडवेस्टच्या गावागावांत असे कारखाने होते, कारण लाकूड, रेल्वे आणि हप्त्याने पियानो घेणारे शेतकरी तिन्ही जवळ होते. स्टारने पुढची पायरी गाठली ती स्वतःची दुकानं काढून. मालही आपला, पाटीही आपली, मधला दलाल गेला.

गावातल्या वेन काउंटी ऐतिहासिक संग्रहालयात थोडा वेळ काढा. पियानोंसाठी जाल आणि इजिप्तची ममी बघून याल. गावच्या गार घराण्यातल्या बाईंनी ती आणली होती. गार म्हणजे मळणीयंत्रं बनवणारे. त्या काळी या गावात किती पैसा खेळत होता याचा अंदाज ममीवरून जितका येतो तितका ताळेबंदावरून येणार नाही.

१९ ऑक्टोबर

हातोड्या अडकतात. पट्टी सोडली तरी हातोडी तारेपाशीच राहते. कारण बहुतेक वेळा एकच: बिजागरीची बारीक पितळी पिन आणि तिच्याभोवतीचं फेल्ट. तळघराच्या ओलीने फेल्ट फुगतं आणि पिनेवर हिरवा थर चढतो. तेल अजिबात घालू नका. जुन्या मेकॅनिकांनी घातलेलं तेल घट्ट होऊन बसलेलं मीच साफ करतो आहे.

अल्कोहोल आणि थोडं पाणी, दोन्ही बाजूंना एकेक थेंब. पाण्याने फेल्ट फुगतं, पिनेवर दाबलं जातं आणि वाळताना आक्रसून जागा करतं. रात्रभर ठेवलं. साठेक सुटल्या. चाचणी सोपी आहे: बिजागरी धरून हातोडी सोडली की चार-सहा झोके घेऊन थांबायला हवी. लगेच थांबली तर घट्ट, झुलतच राहिली तर सैल. उरलेल्यांच्या पिना ठोकून काढल्या, फेल्टचं भोक रिमरने (भोक रुंदावायच्या हत्याराने) किंचित मोकळं केलं, अर्ध्या मापाने जाड नवी पिन घातली. कंटाळवाणं काम, दुसरा शब्द नाही.

२ नोव्हेंबर

पट्ट्यांची वरची पांढरी पात हस्तिदंताची. ओळखायची खूण: प्रत्येक पात दोन तुकड्यांची असते, काळ्या पट्टीच्या टोकापाशी आडवा सांधा दिसतो, आणि उजेडात धरली की बोटाच्या ठशासारखी बारीक रेघांची नक्षी. प्लास्टिकला दोन्ही नसतं. त्या काळी अमेरिकेत आलेल्या हस्तिदंताचा बहुतांश वाटा कनेक्टिकटमधल्या डीप रिव्हर आणि आयव्हरिटन या दोन शेजारच्या गावांत कापला जायचा. तिथली शहाळ्यासारखी पांढरी पात मिडवेस्टच्या चर्चमध्ये पोचेपर्यंत किती हत्ती गेले त्याचा विचार करत पॉलिश करणं फार सुखाचं नाही. पण असलेली पात काढून फेकल्याने कुठला हत्ती परत येणार नाही.

पाच पाती गायब होत्या. ऑनलाइन मागवू नका. २०१६ पासून आफ्रिकन हस्तिदंताच्या राज्याबाहेरच्या विक्रीवर अमेरिकेच्या केंद्र सरकारने जवळजवळ बंदी घातली आहे आणि जुन्या वस्तूंची सवलत मिळवायला कागदपत्रं लागतात. आमच्याच राज्यातल्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी मोडीतल्या पियानोच्या पाती फुकट दिल्या. जाडी आणि रंग जुळणं अवघड, म्हणून मूठभर मागून घ्या.

पहिल्या दोन झटपट गोंदाने लावल्या त्या पिवळट दिसल्या. हस्तिदंत अर्धपारदर्शक असतं, खालचं लाकूड आणि गोंद दोन्ही वर दिसतात. कारखान्यात म्हणूनच मधे पांढरं पातळ कापड असायचं. गरम पाण्याचं फडकं ठेवून दोन्ही सोडवायला गेलो तर एक सुटताना चिरली. सरस असता तर ओल्या उष्णतेने अलगद सुटली असती. मग रीतसर केलं: सरस भिजवून साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम (उकळला की जोर जातो), त्यात खडूची पूड, मधे पांढरं कापड, वर गरम केलेली पितळी पट्टी आणि शिकंजा.

बाकीचा पिवळेपणा पॉलिश करून खरवडू नका. हस्तिदंत अंधारात पिवळं पडतं. खिडकीत उन्हाला ठेवल्या तर बऱ्याच उजळतात.

९ नोव्हेंबर

आज पियानोला हात लावला नाही. फलकाचा मजकूर लिहायला बसलो आणि वाचनालयाच्या समितीशी वाद झाला. त्यांना वर मोठा आर्मस्ट्राँग हवा, खाली एका ओळीत कारखाना. माझं म्हणणं उलट आहे.

रेकॉर्डचा धंदा पियानोच्या पैशावर उभा राहिला. स्टारने फोनोग्राफ बनवायला घेतले, मग त्यावर वाजवायला रेकॉर्ड हव्यात म्हणून १९१७ च्या सुमारास जेनेट हे लेबल आलं, मालकाच्याच आडनावाचं. सुई आडवी हलवणाऱ्या खाचेचं तंत्र व्हिक्टर कंपनी पेटंट म्हणून धरून बसली होती. जेनेटने तशा रेकॉर्ड काढल्या, व्हिक्टरने खटला भरला आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती हरली. त्यानंतर तो खाचेचा प्रकार सगळ्या छोट्या कंपन्यांना मोकळा झाला. खटला लढवायला पैसा लागतो. तो पियानोतून आला. मला फलकावर हे वाक्य हवं होतं.

स्टुडिओ घळीतच, रुळांच्या शेजारी. भिंतींत लाकडाचा भुसा भरलेला, आत सतरंज्या आणि पडदे टांगलेले, आणि गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायचं. ५ आणि ६ एप्रिल १९२३ ला किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड शिकागोहून आला. लुई आर्मस्ट्राँगची पहिली रेकॉर्ड ती. त्याच्या कॉर्नेटचा आवाज इतका मोठा की त्याला आवाज टिपणाऱ्या कर्ण्यापासून लांब उभं केलं, अशी गोष्ट सांगतात. त्याच वर्षी जुलैमध्ये जेली रोल मॉर्टनने एका गोऱ्या बँडबरोबर वाजवलं आणि एकट्याने पियानोही. तो पियानो स्टारचा होता.

त्याच प्रेसवर त्याच काळात कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेच्या रेकॉर्डही निघाल्या, पैसे भरून कुणीही काढून घ्यायच्या प्रकारातल्या. इंडियानात तेव्हा क्लानचा जोर होता. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे कशाला? एका आजींनी ठामपणे सांगितलं की त्याच खोलीतली दोन्ही कामं आहेत, एक लावायचं आणि दुसरं झाकायचं हे वाचनालयाला शोभणार नाही. मजकूर राहिला.

शेवटी तडजोड: वर कारखान्याचा जुना फोटो, त्याखाली पियानो, मग खटला, मग १९२३. आर्मस्ट्राँगचं नाव मोठ्या अक्षरांत नाही, पण आहे.

१६ नोव्हेंबर

खुंट्या. सैल खुंट्यांवर दोन उपाय आहेत: जाड खुंटी घालणं, किंवा पाण्यासारखा पातळ झटपट गोंद मुळाशी सोडणं. शुद्धतेचे आग्रही दुसऱ्या उपायाला नाक मुरडतात. पण पूर्ण ठोकळा बदलायचा खर्च नसेल तर याहून परवडणारं काही नाही. पियानो पाठीवर आडवा करावा लागतो (पुन्हा माणसं लागतात), मग प्रत्येक खुंटीच्या मुळाशी थोडा गोंद, पंधरा-वीस मिनिटांनी आणखी. वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, घरात कुणी नाही अशा वेळी. ज्यात थेंब उतरत नाही ती खुंटी आधीच घट्ट आहे, तिच्यावर गोंद वाया घालवू नका.

दोन दिवसांनी किल्ली लावली. बहुतेक धरतात. खर्जाच्या सहा खुंट्यांना गुण आला नाही, तिथे ठोकळ्यातलं भोकच अंडाकृती झालं होतं. त्या काढून दोन मापांनी जाड खुंट्या ठोकल्या. तारेचे जुने वेढे जपून सोडवले तर तीच तार पुन्हा बसते. वेढे हाताने सरळ करायला गेलं की वाकलेल्या जागी तार तुटते. नव्या खुंट्या आणि गोंद मिळून ५२ डॉलर.

३० नोव्हेंबर

सूर चढवायला घेतले. जुनी तार थेट ताणायची नाही. दाबपट्टीखाली गंजाने ती चिकटलेली असते, म्हणून आधी किंचित उतरवून ती चिकटण मोडायची, 'टिक' असा बारीक आवाज येतो, मगच वर. चष्मा घाला. पहिल्या फेरीत एक तार दाबपट्टीपाशी तुटली आणि सटकन कानाजवळून गेली.

इथे ४४० की ४३५ हा प्रश्न आला. आज बहुतेक जग मध्य सप्तकातला ए हा सूर ४४० हर्ट्झला लावतं. पण अमेरिकेतल्या पियानो उत्पादकांनी १८९१ मध्ये ४३५ हे माप ठरवलं होतं, आणि ४४० चा रेटा आला तो १९१७ नंतर. म्हणजे हा पियानो ४३५ साठी बनला. दोन्हींतला फरक २० सेंट, कानाला थोडका. ताणात मात्र सव्वादोन टक्क्यांच्या पुढे जातो. सगळ्या तारांचा मिळून ताण १६-१८ टन धरला तर चौकटीवर साडेतीनशे-चारशे किलोंचा जादा भार. शंभर वर्षं जुन्या तारा, गोंदावर उभ्या खुंट्या, चिरलेली घोडी. ४३५ वरच थांबायचं ठरवलं.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग तुझ्याबरोबर पेटी कोण वाजवणार?" बरोबरच आहे. पेटी, बासरी, सॅक्सोफोन यांच्या जोडीला हा पियानो बसणार नाही. वाचनालयात तो एकटा वाजणार किंवा गळ्याबरोबर, आणि गळ्याला २० सेंटचं काही नाही. ज्यांना बँडमध्ये वाजवायचा आहे त्यांनी असा पियानो घेऊच नये, किंवा सगळ्या तारा बदलण्याची तयारी ठेवावी.

एका फेरीत सूर टिकत नाही. शेवटच्या तारा चढवेपर्यंत पहिल्या उतरलेल्या असतात, कारण साउंडबोर्ड दबतो. म्हणून पहिल्या फेरीत जितकं वर न्यायचं त्याच्या चौथ्या हिश्शाने आणखी वर न्यायचं, मग तो आपोआप खाली येऊन बसतो. खर्जात हे करू नका, तांब्याच्या वेढ्याच्या तारा मोडतील. फेऱ्यांमध्ये आठवडा जाऊ द्या.

१४ डिसेंबर

आजवरचा खर्च ७२४ डॉलर. त्यात वाहतूक निम्म्याच्या जवळ, खालोखाल किल्ली ९० आणि खर्जाच्या दोन तारांचे ७६. त्या तारा मापं पाठवून मुद्दाम वळवून घ्याव्या लागतात आणि अजून आलेल्या नाहीत. फलकाची छपाई ६०. वेळेचा हिशोब ठेवला नाही, ठेवला असता तर काम सोडून दिलं असतं.

फलकाचा शेवटचा परिच्छेद आज पाठवला. रेडिओ आणि मग मंदी यांनी पियानो आणि रेकॉर्ड दोन्ही मारले. जेनेट लेबल १९३० मध्ये बंद झालं, त्यांचंच स्वस्तातलं चॅम्पियन हे लेबल १९३५ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे गेलं. पियानो मात्र त्यानंतरही बनत राहिले, अगदी १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. ज्या धंद्यासाठी जग या घळीला ओळखतं तो पुरता वीस वर्षंही टिकला नाही, आणि ज्याने पंचाहत्तर वर्षं गाव पोसलं त्याचा माल आज फुकट मिळतो. समितीने 'फुकट मिळतो' हे शब्द काढले. मी भांडलो नाही.

उरलेली कामं: हातोडी तारेपासून साधारण तीन मिलिमीटरवर सुटायला हवी, ते मधल्या तीन सप्तकांत झालं, दोन टोकांना बाकी. हातोडीची फेक ४५ मिलिमीटरच्या आसपास आणली आहे. डॅम्पर फेल्ट (तारेचा आवाज थांबवणारे) चार ठिकाणी बदलायचे, तार कुईकुई करते. खोलीत आर्द्रता ३१ टक्के झाली आहे, म्हणून पाण्याचं मशीन लावलं आणि चाळिशीच्या वर आणायचा प्रयत्न चालू आहे. खर्जाच्या तारा आल्या की त्या बसवून, किमान महिना घरातच ठेवून, मग वाचनालयात. हलवणाऱ्यांना मार्चची तारीख दिली आहे आणि ४३५ ची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवली आहे, म्हणजे पुढचा तंत्रज्ञ तो वर ओढणार नाही.